चार पायांचा टेकू

थापा मारण्यात माझा हात धरील असा माणूस नेदरलँड्समधल्या आमच्या अख्ख्या आल्मेरे गावात नाही, आणि त्यापायीच मी या टेकूच्या भानगडीत पडलो. आमच्या शेजारी एक डच काका राहतात. सत्तरी ओलांडलेले, ताडासारखे उंच, परवानाधारक शिकारी. एकदा कुंपणापाशी गप्पा मारताना मी त्यांना सांगून टाकलं, की माझ्या आजोबांनी सह्याद्रीत टेकूवर बंदूक ठेवून सात वाघ लोळवले, आणि आठवा पत्ता विचारत विचारत शरण आला. काकांनी गंभीरपणे मान डोलावली.

आत आल्यावर बायको म्हणाली, "अरे, तुझे आजोबा तलाठी होते ना? पाल दिसली की पलंगावर चढणारे?"

"पालीचं वेगळं, वाघाचं वेगळं," मी म्हणालो.

महिनाभराने, शनिवारी सकाळी, काका दारात उभे. दोन्ही हात पुढे धरून म्हणाले, "बघ." सुपात तांदूळ पाखडावेत तसे हात थरथरत होते. डॉक्टरांच्या मते तो आजार नव्हता, वय होतं. आदल्या रात्री हमरस्त्यावर गाडीने एक हरीण उडवलं होतं. आपल्या भेकराएवढं असतं ते, इथे त्याला 'रे' म्हणतात. मागचा पाय मोडून ते बोरूच्या बेटात शिरलं होतं. त्या शिवाराची जबाबदारी काकांची.

"एका गोळीत सुटलं पाहिजे बिचारं," ते म्हणाले. "पुन्हा जखमीच झालं, तर मी बंदूक परत करतो. तुझ्या आजोबांकडे टेकू कुठला होता?"

खरं बोलायची वेळ होती. मी म्हणालो, "आधी तुमच्याकडचे दाखवा."

त्यांच्या शेडमध्ये इतके टेकू होते की एखादी पलटण टेकून झोपली असती. बंदूक कपाटात कुलूपबंद, म्हणून आम्ही आमचा झाडू घेतला. दांड्याला मी चिकटपट्टीने फोन बांधला. हलणं मोजून रेघ काढणारं एक अ‍ॅप त्यात होतं. आयटीवाल्याची अक्कल, दुसरं काय! एकपायी टेकूवर रेघ दारुड्याच्या सहीसारखी आली. दोन पायांवर डावं-उजवं सावरलं, पण पुढे-मागे झोके सुरूच. तीन पायांवर झाडूचं तोंड स्थिर, पण थरथर यायची ती मागून, खांद्याकडून. ती काही थांबेना. मग काकांनी कोपऱ्यातला चार पायांचा काढला. पायांच्या दोन जोड्या, एक पुढून धरणारी, एक मागून. मिटला की काखेत मावतो, वजन छत्रीएवढं. त्यावर रेघ जवळजवळ सरळ आली.

"हाच. आजोबांचा अगदी असाच होता," मी म्हणालो. काकांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दिवसभर हरीण बेटाबाहेर आलंच नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. धुकं असं, की स्वतःचे बूट कुणाचे हे विचारून घ्यावं. आमचा हा सगळा मुलूख समुद्र उपसून केलेला. मी चालत होतो तिथे कधीकाळी दोन पुरुष पाणी होतं, आणि त्या सकाळी ते परत आल्यासारखं वाटत होतं. वारा नव्हता. दूर कुणीतरी खोकलं. काका पुटपुटले, "तेच आहे."

ओल्या मातीत काकांनी चारही पाय रोवले. बंदूक ठेवण्याआधी मी फोन पुढच्या जोडीला बांधला, जमीन कशी आहे ते बघायला. हात काढले. काकाही दोन पावलं मागे होते. टेकूला कुणाचाही स्पर्श नव्हता.

रेघ वर चढली. थांबली. खाली उतरली. पुन्हा चढली.

"पंप असेल," काका कुजबुजले.

"एवढा हळू?"

पट्टी ओढली असती तर त्या शांततेत चर्रर्र झालं असतं आणि हरीण उठलं असतं, म्हणून फोन तिथेच राहिला. काकांनी बंदूक ठेवली, दस्ता मागच्या जोडीत बसवला. धुकं जरा विरळ झालं. साठेक पावलांवर बोरूच्या कडेला हरीण आडवं पडलं होतं, मान वर, आमच्याकडे बघत. मी दुर्बीण लावली. त्याची बरगडी वर आली, थांबली, खाली गेली. मी फोनकडे पाहिलं. पुन्हा दुर्बिणीतून पाहिलं. रेघ आणि बरगडी बरोबरीने चालली होती. चार वेळा पडताळलं. माझ्या पाठीवर घामाचा ओहोळ नाही, अख्खी इंद्रायणी वाहत होती.

काकांचे हात टेकूने धरून ठेवले होते, पण टेकूच हलत होता. काका गोळी झाडेनात. शेवटी मी त्यांच्या कानाशी म्हणालो, "हलणं मध्ये क्षणभर थांबतं. मी सांगतो तेव्हा."

चढली. उतरली. चढली. थांबली.

"आत्ता."

आवाज धुक्याने गिळून टाकला. हरणाची मान अलगद खाली गेली. रेघ सरळ झाली, पाटावर आखल्यासारखी. आम्ही जवळ गेलो. एकच जखम, जिथे हवी तिथे. काकांनी टोपी काढली आणि थरथरता हात त्याच्या मानेवर ठेवला.

परत आलो तर रेघ पुन्हा चालू झाली होती. आधीपेक्षा हळू, आणि चढ कितीतरी मोठा.

काकांनी ती बराच वेळ पाहिली. मग एकेक पाय उपटला. चौथा निघाला तेव्हा रेघ थांबली. चार भोकांत पाणी भरून आलं.

गाडीशी पोचल्यावर ते म्हणाले, "हे कुणाला सांगू नकोस. नाहीतर तुझ्या वाघांवरसुद्धा कुणी विश्वास ठेवणार नाही."

"तुम्ही ठेवला होता?"

"मी? छे! पण झाडूची कल्पना चांगली होती."

गोळी नेमकी लागली होती, तरी त्याच आठवड्यात त्यांनी बंदूक परत केली. टेकू मला दिला. तो आमच्या मागच्या शेडमध्ये उभा आहे. त्या शेडला फरशी नाही, खाली नुसती माती. म्हणून मी त्याच्या चारही पायांखाली एकेक लादी ठेवली आहे. बायको विचारते, लाद्या कशाला? मी म्हणतो, वाळवी लागते.

टेकू अ‍ॅल्युमिनियमचा आहे.