गोलातलं शेवटचं नाव

बावीस महिने कप्तान ट्रेविनच्या पायाला जमीन लागली नव्हती. शत्रूचं बंदर अडवून त्याचं इंग्रज लढाऊ जहाज फ्रान्सच्या किनाऱ्यासमोर नुसत्या येरझाऱ्या घालत होतं. काल रसदीच्या गलबतातून कांदे आले, घरची पत्रं आली आणि हुकूमही आला: आणखी सहा महिने इथेच.

आज सकाळी तांडेल पास्कोनं शिडं सोडायची शिट्टी वाजवली, पण डोलकाठीवर एकही जण चढला नाही. पास्कोनंच कप्तानाच्या हातात एक कागद ठेवला. मधोमध मागणं, दोन आठवडे घरी जाऊ द्या. भोवती गोलाकार नावं, ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या फुल्या. पहिलं कोण, शेवटचं कोण, कळायची सोय नाही. फाशी द्यायला म्होरक्या सापडू नये म्हणून खलाशांची ही जुनी रीत.

"साहेब, कुणीही चार लटकवा," लेफ्टनंट हार्कर म्हणाला. "बाकीचे माकडासारखे वर चढतील."

"आणि तुझं नाव कुठंय रे पास्को?" ट्रेविननं विचारलं.

"शोधा की साहेब! आम्ही बावीस महिने बिस्किटातले किडे शोधतोय."

ट्रेविनला हसू आलं. "घरी कोण असतं तुझ्या?"

"बायको होती निघताना. आता स्वतःला सधवा समजते की विधवा, तिलाच ठाऊक."

 ट्रेविन निघाला तेव्हा त्याची लेक तमसिन पाळण्यात होती. बायको दर पत्रात लेकीच्या पावलाभोवती रेघ ओढून पाठवी. पहिलं पाऊल त्याच्या बोटाएवढं होतं. कालच्या पावलानं तळहात भरला होता.

त्यानं लेखणी मागवली, दोन फुल्यांच्या मधे जागा शोधली आणि आपलं नाव घातलं.

"साहेब, जहाज जाईल हातचं!" हार्कर ओरडला.

"जाईल. पास्को, शिडं उभारा. कागद आरमारप्रमुखांकडे पोचवायचाय."

माणसं भराभरा वर चढली.

खलाशांना सुट्टी मिळाली. जहाज हार्करला मिळालं.

दोन आठवड्यांनी इंग्लंडातल्या फाल्मथ बंदराच्या टेकडीवर ट्रेविन लेकीचं खरंखुरं पाऊल हातात घेऊन बसला होता. पहिले तीन दिवस ती आईआडूनच त्याला बघत होती, आज कुठे मांडीवर आली होती. एवढ्यात खाडीतून शिडं सोडायची पास्कोची शिट्टी ऐकू आली; सुट्टी संपून जहाज निघालं होतं. ट्रेविन ताडकन उभा राहिला.

"बाबा, कुठं चाललात?"

"कुठं नाही गं," तो म्हणाला. शिडं दिसेनाशी होईस्तोवर मात्र तो खाली बसला नाही.