वेळमर्यादा तीच

वसईतल्या प्रोग्रामिंगच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हर सांभाळणारे सर सगळे निकाल एकाच सुरात वाचत. वाचण्याआधी चष्मा पुसत. सर्व्हरवर त्यांनी स्वतः लिहिलेला लॅम्डा कॅल्क्युलस या भाषेतले प्रोग्राम चालवून देणारा इंटरप्रिटरही होता. त्या भाषेत आकडेसुद्धा फंक्शनांतूनच घडवावे लागतात, म्हणून आम्ही कुणी तिच्या वाटेला जात नसू.

स्पर्धेसाठी संघ निवडायच्या दिवशी जूचंद्रच्या एका मुलीने शेवटचा प्रश्न त्याच भाषेत सोडवला. सर्व्हरवर प्रत्येक प्रोग्रामने ठरलेल्या सेकंदांत उत्तर द्यायचं असे. सरांनी चष्मा पुसला.

"उत्तर बरोबर. वेळ संपली. बाद."

"पन सर, भाषा तुमचीच ना! थोडा वेळ वाढवा ना."

"माझी आहे म्हणूनच वाढवणार नाही."

ती संघाबाहेर राहिली. आम्हाला सर कोरडे वाटले.

पुढच्या रविवारी सरांनी तिला तोच प्रोग्राम पुन्हा चालवायला सांगितला. एक अक्षरही न बदलता तो वेळेत बसला.

"मर्यादा वाढवली काय?" तिने विचारलं.

"नाही. ती तेवढीच आहे. माझा इंटरप्रिटर संथ होता. आठवडाभर बसून सुधारला."

"पन संघ तर ठरला, सर."

"ठरला," सर म्हणाले आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसू लागले.