तिसरा प्लग

मेसमध्ये राबलेल्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. मोठ्या पातेल्याच्या बुडाला खरपुडी धरते, तसे ते आपोआप धरतात. खरवडलं की निघतात!

भूकंपानंतरची ती वर्षं. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. गावोगावची मुलं शिकायला येऊन राहत आणि आम्ही तिघी त्यांना डबे पुरवायचो. मी भाजी-आमटीवर, कमल पोळ्यांवर आणि शाहीनआपा व्हॅनवर. आपा मूळ देगलूरची. नवऱ्याची जुनी व्हॅन तीच चालवायची. कमल औशाकडच्या खेड्यातली. भूकंपात तिचं घर गेलं, घरातली माणसंही गेली.

त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचललं तरी हात घालायला जागा नाही. प्लग तीन. दोन दिसायचे, तिसरा नुसता चाचपून कळायचा.

*

प्लग काळा पडला की गाडी मिसिंग मारायची, झटके देत चालायची. पहिल्यांदा आपानं मिस्त्री बोलावला. त्याचा पंजा भाकरीएवढा! मनगटापाशीच अडकला.

"आपा, असं न्हाई व्हायचं. इंजिन उतरवावं लागंल."

"उतरवायला ते काय घोड्यावरचा नवरदेव हाय?" आपा म्हणाली. "पाना दे इकडं!"

तेव्हापासून प्लगचा पाना आमच्या लाटण्यांशेजारी राहायला आला.

*

आपाचं मनगटही तसं भरलेलंच. माझा हात बारीक, म्हणून मी पुढे झाले. सासूबाईंची ताकीद होती, सवाष्णीनं हात रिकामा ठेवायचा नाही. बांगड्यांसकट हात घातला आणि आतून आवाज आला, टच्!

"आपा, बांगडी वाढली!" मी घाबरून ओरडले.

बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत. आपाला ते चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं सीटखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"वाढली तर दिसायला पायजे ना गे!"

नशीब, प्लग अजून काढला नव्हता, नाहीतर काच थेट इंजिनच्या पोटात गेली असती. सायकलच्या पंपानं हवा मारून तुकडे उडवले. मग पोळ्या टाकून कमल आली.

"सरका. माझा हात मोकळाच हाय."

मी बांगड्यांचा हात मागं घेतला आणि सरकले. तिचा हात सरळ तिसऱ्या प्लगपर्यंत गेला.

*

प्लगच्या वायरींना कमलनं नावं दिली होती. हळद, तिखट आणि काळा मसाला. एकदा आपानं घाईत हळदीच्या जागी तिखट जोडलं. चावी फिरवली आणि फट्ट! अख्खी गल्ली दारात.

कमल पोळी लाटता लाटता म्हणाली, "भाजीत हळदीच्या जागी तिखट पडल्यावर दुसरं काय व्हईल?"

*

एक दुपार मात्र विसरत नाही. डबे भरून झाले होते, कमल पुढच्या सीटवर बसली होती. आपानं गाडी चालू केली. एक प्लग गेला असणार, व्हॅन थरथरायला लागली आणि मागं सगळ्या डब्यांची झाकणं खडखडली.

कमलनं उडी मारली. "भायेर या! भायेर या!" ओरडत ती मोकळ्या पटांगणात धावली.

आपानं इंजिन बंद केलं. कमल तिथंच मातीत बसून राहिली. मी पाणी नेलं, ते ती प्यायली.

"बंद का केली? चालू करा. कोणता प्लग हाय ते बघू द्या," ती उठत म्हणाली. आणि सीटखाली हात घालताना स्वतःशीच बोलल्यासारखी, "जमीन हलली तवा हात कुठं घालावा ते कळलं न्हाई. हितं कळतंय."

*

परीक्षेच्या सकाळी आपा डब्याच्या पोरींना व्हॅनमधून सेंटरवर सोडायची आणि निघताना मी त्यांच्या हातावर दही-साखर द्यायची. कमल मात्र त्या जाईपर्यंत चुलीपासून हलायची नाही. कितीदा बोलावलं!

"माझा हात नगं, अक्का. लेकरांचं वर्षाचं कष्ट हाय."

एका वर्षी मेडिकलच्या परीक्षेलाच व्हॅन दारात अडली. पोरी आत बसलेल्या, सेंटर गावाच्या त्या टोकाला, रिक्षाचा पत्ता नाही. हिमायतनगरची वैशाली तर रडायलाच लागली. दह्याची वाटी धरून मी नुसती उभी.

"कमल!" आपानं हाक मारली.

कमल पिठाच्या हातानं आली. पोरींना उतरवलं, सीट उचललं. जुना प्लग काळाकुट्ट निघाला. नवा प्लग आधी चिमटीनं फिरवत आटे बसवले, मग पाना लावला. आपानं चावी फिरवली. घर्रर्र! पोरींनी टाळ्या वाजवल्या, आणि कमल मागं न बघता चुलीकडं निघाली.

वैशालीनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि कमलसमोर जाऊन उभी राहिली. कमलनं हात पदराखाली लपवले.

"अगं, काळे हायत. अन् माझा हात…"

तोवर बाकीच्या पोरी वैशालीच्या मागं ओळीनं उभ्या राहिल्या होत्या, तळवे पुढं करून. मी चमचा द्यायला गेले.

"चमचा नको," वैशाली म्हणाली. "मावशी, हातानंच वाढा."

कमलनं पदराला बोटं पुसली. पुन्हा पुसली. खिडकीतून आपा ओरडली,

"जल्दी गे कमल! अन् दह्याचं एक बोट स्टेअरिंगला बी लाव!"