सासूबाईंचं चॅनेल मी बंद पाडलं

आमच्या घराण्यात सासूवर कॉपीराइटची तक्रार करणारी मी पहिलीच सून आहे.

मी मूळची साताऱ्याची. लग्न करून म्हैसूरला आले आणि जयलक्ष्मीपुरमच्या आमच्या स्वयंपाकघरातून पाककृतींचं चॅनेल सुरू केलं. सदस्य एकसष्ट. (त्यातले बावीस माहेरचे.) एका सकाळी बघते तर 'के. आर. नगर अज्जी' नावाच्या कुठल्याशा चॅनेलवर माझा पुरणपोळीचा व्हिडिओ! माझी कढई, माझा हात, माझी बांगडी! आणि बघणारे चार हजार!

"चोर!" मी ओरडले.

नवरा बेळगोळच्या कारखान्यात निघाला होता. बूट घालत म्हणाला, "आधी ऐक तरी, काय म्हणतायत ते."

"चोराचं काय ऐकायचं?"

आवाज न लावताच मी तक्रारीचा फॉर्म भरला. 'हा वापर टीका किंवा शिकवण्यासाठी नाही, याचा मी विचार केला आहे' अशी एक चौकट होती. विचार करायला वेळ कुणाला होता? कुकर लावायचा होता. खूण करून मोकळी झाले. दुपारपर्यंत व्हिडिओ गायब, वर त्या चॅनेलवर आठवडाभर बंदी! मी स्वतःला एक कप जादा कॉफी दिली.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. त्या के. आर. नगरला धाकट्या दिरांकडे असतात. फोनमधलं काही अडलं की मलाच विचारतात. (घरात मीच जाणकार!)

"अय्यो वैशाली, कोण की कजाग बाईनं माझं चॅनेल बंद केलं ग!"

"तुमचं चॅनेल, आत्याबाई?"

"काढलं की, दोन महिने झाले. तुला सांगितलं तर शंभर चुका काढशील म्हणून गप्प बसले. उद्या नवरात्र बसणार, नऊ पायऱ्यांवर गोंबे-बाहुल्या मांडून झाल्या. सकाळी दहाला लाईव्ह दाखवते म्हणून सिंगापूरच्या पोरीला सांगून बसले. सगळ्या बाहुल्या तयार, आणि आता बटणच दाबेना!"

"नाव काय चॅनेलचं?" मी विचारलं.

"के. आर. नगर अज्जी. घरच्याच सुनेचा व्हिडिओ दाखवला, काय चुकलं तेवढं सांगितलं, अष्टे, इतकंच! थांब, त्या भवानीचं नाव आलंय इथं. चष्मा लावते."

"राहू दे ना, आत्याबाई..."

"व्ही... ए... आय..."

मी फोन कानापासून हातभर लांब धरला.

"अय्यो! ही भवानी तर आमचीच की!"

कारखान्यातून आलेल्या नवऱ्याने शांतपणे निकाल दिला. "टीका करायला दुसऱ्याच्या व्हिडिओचा तुकडा घेतला तर चालतो. कायदा आईच्या बाजूनं आहे."

"कायदासुद्धा?" मी म्हटलं.

तक्रार मागे घ्यायला पुन्हा फॉर्म! त्यात 'कारण लिहा'. सासूबाई अजून फोनवर होत्या.

"'चुकून झालं' असं लिहिते, आत्याबाई."

"खोटं कशाला लिहायचं? मी व्हिडिओत सांगितलं ते लिही. डाळ शिजायच्या आधीच गूळ घातला."

"आत्याबाई!"

"लिही. कणीक घट्ट भिजवली. पोळी फुटली, तर व्हिडिओतला तेवढा तुकडा कापून लपवली."

"ते कसं कळलं तुम्हाला?"

"तव्यावर गूळ जळालेला दिसतोय की! गोंबे दाखवायचे का नको उद्या?"

लिहिलं. मुकाट्यानं. नवऱ्याने त्याचं इंग्रजी करून दिलं, नको इतक्या उत्साहात. सकाळी नऊला बंदी उठली आणि दहाला सिंगापूरला राजाराणीसकट सगळ्या बाहुल्या दिसल्या.

तेव्हापासून परदेशातल्या कुठल्याशा ऑफिसात माझ्या तीन चुकांची रीतसर नोंद आहे, खाली माझ्याच सहीनिशी. जायफळही घालायचं राहिलं होतं, पण ते व्हिडिओत दिसत नाही म्हणून वाचले!