दादांचं बर्फाचं पदक

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. गंगाखेडच्या एका कॉलेजात मी ऑफिसच्या खिडकीत बसते. टीसी, बोनाफाईड, मार्कमेमो. पंधरा वर्षं झाली, खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगते, आधी कागद आणा, मग बोलू. लोक माझ्या माघारी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्यात फारसं खोटंही नाही. पण गेल्या वर्षी दुसऱ्या एका टेबलापलीकडून मलाच कुणी तरी कागद आणा म्हटलं, तेव्हा जीव कसा चडफडतो ते कळलं.

काम दादांचं होतं. दादा म्हणजे माझे वडील, आमच्या घरात वडलांना दादाच म्हणतात. फौजेतून हवालदार होऊन रिटायर झाले आणि गावाकडं मायसोबत राहतात. सत्तरीला टेकलेत, पण पाठीला अजून बाक नाही. त्यांच्याकडं पाच पदकं आहेत. छातीवर लावायचे चारच. पाचवं सियाचिनचं, बर्फातल्या नोकरीचं. ते मायच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या खाली पडून असायचं. आणि त्याला कारण मी.

दादा रिटायर होऊन आले तेव्हा मी सहावीत होते. एसटी थांबते तिथं एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक स्टोव्ह आणि भज्यांची परात. दादा तिथं रोज संध्याकाळी बसायचे आणि बर्फाच्या गोष्टी सांगायचे. मे महिन्यात तर लोक मुद्दाम यायचे, ऐकून अंगाला जरा गार वाटतं म्हणायचे. सगळ्यात गाजलेली गोष्ट चटणीची. मायनं पार्सलनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी तिकडं इतकी गोठली, की डबा करवतीनं कापावा लागला आणि सगळ्यांनी एकेक फोड चघळून खाल्ली. तेलासकट.

दादांचा एक बालपणीचा दोस्त आहे. शेतकरी माणूस, आमच्या मळ्याला लागूनच त्याचं रान. मी त्यांना काका म्हणते. दोघं एका पाटीवर शिकले, एका विहिरीत पोहले, आणि काकांनी जन्मात दादांचं एक वाक्य सरळ मानून घेतलं नाही. करवत ऐकून ते म्हणाले, हवालदार, हे कुठं कागदावर हाय का? दादांनी लगेच मला घरी पिटाळलं, डिस्चार्ज बुक आण म्हणून. फौजीची सगळी नोकरी ज्यात लिहिलेली असते ते पुस्तक. सगळं इंग्रजीत. हॉटेलात तेव्हा इंग्रजी अक्षरं लावणारी मीच एक, त्यामुळं माझी कॉलर काय ताठ झाली होती.

मी बाकड्यावर उभी राहून पदकांचं पान खणखणीत वाचलं. एक, दोन, तीन, चार. पान संपलं. मी उलटून बघितलं. पुन्हा वरपासून वाचलं. बर्फ कुठंच नव्हता.

"हवालदार," काका म्हणाले, "बर्फ वितळला की रं तुझा."

सगळे पोट धरून हसले. दादाही हसले. त्यांनी चहा संपवला, पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पिशवीत ठेवलं आणि घरी आले. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून बर्फाची गोष्ट निघाली नाही. हॉटेलात जायचे, ऊस आणि पाऊसपाण्यावर बोलायचे, काकांशी भांडायचे, पण बर्फ नाही. माय म्हणायची, पदकच दाखवा की लोकांना, म्हणजे तोंडं बंद होतील. त्यावर दादांचं ठरलेलं उत्तर होतं, असली पदकं बाजारात विकत मिळतात, कागदावर न्हाई ते छातीवर न्हाई. मी हे ऐकत मोठी झाले, नोकरीला लागले, पण ती संध्याकाळ काही विसरले नाही. ते पान मीच वाचलं होतं ना.

गेल्या वर्षी गावच्या शाळेनं ठरवलं, की गावातल्या फौजींचा एक बोर्ड लावायचा. नाव, हुद्दा, पदकं. दादांनी चार पदकं लिहून दिली. मी रविवारी गावी आले होते, चिठ्ठी वाचली आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दादा, लोक न मिळालेली बक्षिसं मिरवतात आणि तुमी मिळालेलं लपवायलाय. मी दुरुस्त करून आणते तो कागद. दादा म्हणाले, कशाला उगं, आता कुणाला पडलीय. पण त्यांनी नको म्हटलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं.

परभणीला माजी सैनिकांची कामं करणारं ऑफिस आहे. तिथं टेबलामागं एक निवृत्त सुभेदार बसले होते. मी तावातावानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, ताई, कागद लागेल. मी मनात म्हटलं, घे, फेडलं.

माणूस मात्र देवासारखा निघाला. त्यांनी सांगितलं, की अर्ज पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला जाईल. त्यात दोन गोष्टी हव्यात. एक, नोंद का राहिली याचं कारण. दुसरी, पदकाच्या कडेचा फोटो. फौजेच्या पदकाच्या जाड कडेवर ज्याचं त्याचं नाव, हुद्दा आणि नंबर कोरलेला असतो. तो नंबर जुन्या रजिस्टरशी जुळला, की काम झालं. मग बाजारातलं पदक आणि हक्काचं पदक यातला फरक कुणी शिकवायला नको.

मी नाचतच गावी आले. ओट्यावर बसून अर्ज लिहायला घेतला. दादांनी सांगितलं, की बर्फात ते आपल्या पलटणीसोबत नव्हते, सहा महिन्यांसाठी दुसऱ्या पलटणीला जोडून दिले होते. पदक तिकडूनच मिळालं. पण तिकडच्या नोकरीचा कागद परत येताना स्वतःच्या हातानं आपल्या पलटणीत आणून द्यायचा असतो, तो त्यांनी आणला नाही. का आणला नाही, मी विचारलं.

"घाईत व्हतो," दादा म्हणाले.

म्हटलं, कसली घाई? ते म्हणाले, घाई म्हंजे घाई, लिही. मी म्हटलं, असलं कारण लिहून माझ्या खिडकीत कुणी आलं असतं तर अर्ज तोंडावर परत केला असता. दादा ओट्यावरून उठले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. शेवटी मी 'घाईमुळे' असंच लिहिलं आणि स्वतःवरच चिडले.

मग फोटो. आधी कोरलेलं कसं दिसतं ते बघावं म्हणून मी नेहमीची चार पदकं उचलली. पहिल्याची कड बघितली, गुळगुळीत. दुसऱ्याची, तीच गत. चारही पदकांवर नंबर सोडा, एक अक्षर नव्हतं. मी ती तशीच दादांपुढं धरली. म्हटलं, ही खरी हायत ना हो दादा?

दादांनी खाली मान घातली, चोरी पकडल्यासारखी. त्याचं असं, की सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट आणि चौदा एप्रिलची जयंती, या तिन्ही दिवसांच्या आधी दादा दुपारभर पदकं घासतात. चिंचेचं पाणी आणि विटकरीची भुकटी. पलटणीत शिस्त लागलेली, बुटात तोंड दिसलं पाहिजे आणि पदकात सूर्य. जयंतीच्या मिरवणुकीत पुढं चालताना त्यांच्या छातीकडं बघवत नाही, डोळे दिपतात. पण तीस वर्षं घासून घासून या फौजी माणसानं स्वतःचंच नाव पुसून टाकलं होतं. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता पाचव्यावर तरी काय उरलं असणार!

दादा म्हणाले, त्याला कोण घासतंय? जे छातीवर लावायचं न्हाई ते चमकवायचं कशाला?

मी पेटीकडं धावले. लुगडी उपसली. पदक जागेवर नव्हतं. आणि तेवढ्यात न्हाणीतून मायचा आवाज आला, की फोटो काढायचा म्हणलीस न बाई, लय कळकट दिसायलंय, घासून देते चकचकीत. मी जी ओरडले, ती शेजारची माणसं दारात आली. माय चिंचेच्या पाण्याचं गंगाळं पुढ्यात घेऊन बसलेली, एका हातात विटकरीची भुकटी, दुसऱ्या हातात पदक. मी ते तिच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतलं. माय बिचारी म्हणाली, अगं, असल्या काळ्या तोंडानं फोटो काढतात का कुणी?

पदक काळवंडलेलं, तव्याच्या बुडासारखं. मी पदरानं हळूच कड टिपली आणि उजेडाला धरली. नंबर होता. पुढं हुद्दा. पुढं दादांचं नाव, एकेक अक्षर काल कोरल्यासारखं धारदार. जे पदक कागदावर नव्हतं, तेवढ्या एकावरच माझ्या बापाचं नाव शिल्लक होतं. मला तिथंच न्हाणीत रडू फुटलं. मायला वाटलं, ओरडल्याचं वाईट वाटून रडतेय, म्हणून ती मलाच समजावत बसली.

अर्ज गेला, सोबत डिस्चार्ज बुकही गेलं. मग वाट बघणं आलं. एक महिना, दोन महिने. मी फोन करायचे, सुभेदार शांतपणे म्हणायचे, ताई, जुनी रजिस्टरं शोधायला वेळ लागतो. मी फोन ठेवला, की आमच्या खिडकीत उभ्या असलेल्या पोरांकडं बघायचे आणि मला जरा लाज वाटायची. त्या काळात मी बरेच बोनाफाईड त्याच दिवशी देऊन टाकले. सोबतचे लोक विचारायला लागले, मॅडम, तब्येत बरी आहे ना?

दादांनी एकदाही विचारलं नाही. पण माय सांगायची, की पोस्टमन गल्लीत आला, की हे दाढी अर्धी टाकून बाहेर येतात. एकदा लाईटबिल आलं तर दिवसभर माझ्याशी बोलले न्हाईत म्हणाली.

पावसाळ्यात पाकीट आलं. जुन्या रजिस्टरात दादांचा नंबर सापडला होता. डिस्चार्ज बुकात पाचव्या पदकाची नोंद घालून, सही-शिक्का मारून ते परत पाठवलं होतं. मी तडक निघाले. दादांनी पान बघितलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि पुस्तक मिटलं. म्हणाले, बरं झालं. एवढंच. मग म्हणाले, गंगाखेडला चांगला शिंपी बघ, पाचही पदकं एका पट्टीवर शिवून घ्यायचीत. मी म्हटलं, घासायचं का पाचवं? दादा म्हणाले, भुकटीला हात लावायचा न्हाई कुणी.

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा झाला. बोर्डावर पाच पदकं रंगवली होती. दादांच्या छातीवर चार चकाकणारी आणि एक काळं. लांबून वाटावं, दात पडलाय. समारंभ आटोपल्यावर सगळे सवयीनं हॉटेलात आले. काका आधीच बसले होते. चहा आला आणि दादांनी पिशवीतून डिस्चार्ज बुक काढून माझ्यासमोर ठेवलं.

"वाच," म्हणाले.

माझं वय आता चाळिशीला आलं. बाकड्यावर चढले नाही, पण उभी राहिले आणि सहावीतल्याच आवाजात वाचलं. एक, दोन, तीन, चार. मग थांबले, काकांकडं बघितलं आणि पाचवं वाचलं. काका उठले. दादांच्या छातीशी डोळे नेऊन काळ्या पदकाच्या कडेवर त्यांनी अंगठा फिरवला. बराच वेळ. मग बसले आणि म्हणाले, मंग ते चटणीचं खरं म्हण की. सांग पुना.

आणि दादांनी सांगायला सुरुवात केली. तीस वर्षांनी. करवत आली, डबा आला, चघळलेल्या फोडी आल्या. नवी माणसं हसत होती, जुनी माणसं पुढचं वाक्य आधीच म्हणत होती. पण या वेळी गोष्ट चटणीवर थांबली नाही. दादा बर्फातून खाली उतरले, तळावर आले. कारकून म्हणाला, तासभर थांब, तुझा कागद टाईप होतोय, सोबत घेऊन जा. तेवढ्यात एक तार आली. गावाकडची, आठ दिवस जुनी. मुलगी झाली. बाहेर ट्रक सुटत होता, पुढचा दोन दिवसांनी.

"तासभर कोण थांबतंय?" दादा म्हणाले.

काकांनी सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, म्हंजे कागद हिच्यापायी ऱ्हायला व्हय. मग जो हशा उठला, तो त्या जुन्या दिवसापेक्षा मोठा होता. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. जन्मभर लोकांना कागद आणा म्हणणारी मी, आणि माझा बाप मला बघायला स्वतःचा कागद टाकून पळत आलेला.

हशा ओसरल्यावर मी दादांना हळूच विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं, मी बाकड्यावर उभी होते तेव्हा?

"सहावीत व्हतीस," दादा म्हणाले. "तुला वाटलं असतं, तुझ्यापायी झालं." मग कप माझ्याकडं सरकवला. "पी, चहा गार व्हायलाय."