ऑर्लीनाच्या नावाचा ठसा

केंटकीच्या त्या डोंगरपट्ट्यात ऑर्लीना फ्युगेटचा डल्सिमर म्हटला की वाजवणारे डोळे झाकून विकत घेत. मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं ते तारांचं वाद्य ती अक्रोडाच्या लाकडात घडवी आणि आतल्या बाजूला तापल्या लोखंडी ठशाने आपलं नाव डागी. नवरा गेल्यावर जत्रा, फोन, गिऱ्हाइकं सगळं धाकट्या दिराने, होबार्टने, अंगावर घेतलं. तिने कधी विचारपूस केली नाही. भावाच्या शवपेटीला खांदा देताना ढसाढसा रडलेला माणूस. त्याला काय विचारायचं?

एप्रिलात नॅशव्हिलहून डेल्फीन नावाची गायिका आली. डल्सिमर स्पीकरला जोडून गाणारी. भर कार्यक्रमात तिच्या वाद्याची पाठ उकलली होती.

"मावशी, तुमचं नाव बघून घेतलं होतं हो," एवढंच ती म्हणाली.

ऑर्लीनाने आत पाहिलं. नाव तिचंच होतं, वाद्य तिचं नव्हतं. वर अक्रोडाचा पापुद्रा, खाली प्लायवूड. कुणीतरी चोरटं काम करतंय, होबार्टला सांगायला हवं, असंच तिला आधी वाटलं. मग आठवलं, मूठ बदलायला म्हणून ठसा त्यानेच नेला होता. जुना हरवला म्हणत नवा आणून दिला होता.

ती होबार्टच्या घरी गेली तेव्हा तो घेवडा आणि मक्याची भाकरी खात बसला होता. त्याने नाकारलं नाही. शहराजवळच्या एका कारखान्यात माल बनत होता.

"वहिनी, तू महिन्याला दोन करणार आणि लोक दारात ताटकळणार. मी तुझंच नाव मोठं केलं ना?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

"मग?" म्हणत त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

ती उठली.

उन्हाळ्याच्या जत्रेत मंचावर जाऊन तिने सगळ्यांदेखत सांगितलं: माझ्या नावाची वाद्यं आणा, माझी नसतील त्यांतलं नाव मी खरवडून देईन. लोक आणत राहिले. काही तिच्यावरच चिडले. जावेने चर्चमध्ये तोंड फिरवलं. घरातलं धुणं चव्हाट्यावर धुतलं म्हणाली. होबार्ट मात्र तिला पूर्वीसारखाच हसून नमस्कार करी, आणि तेच तिला जास्त झोंबे.

डेल्फीनला तिने नवं वाद्य घडवून दिलं. आत नाव नव्हतं. डेल्फीनने कारण विचारलं, तेव्हा ऑर्लीना तारा पुसत म्हणाली, "ते नाव आता कुणाकुणाच्या हातून फिरून आलंय. मला नको वाटतं."