चंपाअक्काची केळी

चंपाअक्काच्या घरी केळी कधी विकत आणावी लागली नाहीत. लोकच आणून देत. देवळात पुजारी सगळ्यांच्या हातावर एकेक केळं ठेवी आणि तिला फणी देई. लग्नात पंगतीला बसली की केळी वाढणारा मुद्दाम तिच्या पानापुढे रेंगाळे. बसचा कंडक्टरसुद्धा कुठूनसं एक केळं काढून तिकिटाबरोबर तिच्या हातात ठेवी. आमच्याकडची एलक्की केळी, बोटाएवढी. ती सगळ्यांची घेई, तोंड वाकडं करून दाखवी, आणि देणारा खूष होऊन जाई. घरी आली की पदरातली केळी वठाराच्या कट्ट्यावर ओतायची आणि ओरडायची, "या रे पोरांनो, नटीची कमाई आली." तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. केळं ती खातही नसे.

वठार म्हणजे एका अंगणाभोवती भाड्याच्या खोल्या आणि मध्ये सगळ्यांचा एक नळ. आमचा वठार बंगळुरात कब्बनपेटेत होता. नळावर तिला सगळ्या जणी छेडायच्या. एकदा कोपऱ्यातल्या खोलीतली शांता म्हणाली, "काय अक्का, आज किती डझन?" चंपाअक्का घागर विसळता विसळता म्हणाली, "तुझ्या नवऱ्याएवढं. एकच, आणि तेही काळं पडलेलं." शांता महिनाभर बोलली नाही. चंपाअक्काला त्याचं काही वाटलं नाही. तिची जीभ कापडाच्या कात्रीसारखी होती, पण ती मागून कुणाबद्दल बोलायची नाही. जे बोलायचं ते तोंडावर.

ती कन्नड नाटक कंपनीत विनोदी कामं करायची. आता टीव्हीवर बायका लोकांना हसवतात, त्यांचे चेहरे घराघरांत जातात. तेव्हा बंगळुरात टीव्ही नव्हता. पत्र्याचं थिएटर होतं, पुढे जमिनीवर बायका-पोरं, मागे बाकं. राजा-राणीचं रडणं चालू असताना मध्येच पडदा पडायचा आणि पुढच्या जागेत चंपाअक्का यायची. लोक राजाराणीसाठी येत नव्हते, हे राजालाही ठाऊक होतं.

जन्म तिचा बंगळुराजवळच्या आनेकलचा. आमच्या लोकांत बहुतेक सगळे शिंपी, तसा तिचा बापही शिंपी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. बाप कंपनीत कपडे शिवायला राहिला आणि आई नसलेली पोर त्याच्याबरोबर गावोगाव फिरली. एकदा बाळकृष्णाचं काम करणारं पोर तापाने पडलं, म्हणून हिला उभी केली. मुकुट मोठा, तो घसरून डोळ्यांवर आला. ही चाचपडत गेली आणि यशोदा समजून तबलेवाल्याच्या मांडीवर बसली. थिएटर हसून हसून वेडं झालं. आत आल्यावर बापाने मारलं आणि मालकाने पगार सुरू केला. "एका मिनिटात दोन्ही मिळालं," असं ती सांगायची.

तिचा नवरा रामण्णा, तोही कंपनीचा शिंपी. बोलणं कमी. तो मशीनवर बसलेला असायचा आणि ही समोर उभी राहून नवीन काम करून दाखवायची. रामण्णा हसायचा नाही. पण एखाद्या जागी मशीनवरचा त्याचा पाय थांबायचा. पाय थांबला की ती जागा जमली, नाही थांबला की टाकून द्यायची. मी एकदा विचारलं, "विनोद करायचा कसा, अक्का?" ती म्हणाली, "काज आणि बटण. आधी काज पाडायचं, गुपचूप. लोकांना कळू द्यायचं नाही. मग बटण आपोआप बसतं. वाईट नट आधी बटण दाखवतो आणि मग भोक शोधत बसतो."

तिचं सगळ्यांत गाजलेलं बटण म्हणजे केळी. ज्यांना कन्नड येत नाही त्यांच्यासाठी सांगते. कन्नडात 'केळी' म्हणजे ऐका. 'स्वल्प केळी' म्हणजे जरा ऐका. आपल्या मराठीत केळी म्हणजे केळीच. प्रवेश असा होता की मराठी घरातली सखू लग्न होऊन कन्नड गावात येते. सासरा म्हणतो "केळी", ही केळं आणून देते. सासू म्हणते "केळी", ही फणी आणते. पाटील चिडून "केळी!" म्हणून ओरडतो, तेव्हा ही अख्खा घड डोक्यावर घेऊन येते. शेवटी बिचारीला शब्दाचा अर्थ कळतो. तिच्यावर चोरीचा आळ आलेला असतो आणि ती पंचांपुढे हात जोडून म्हणते, "केळी! स्वल्प केळी!" तर सगळे पंच तिच्या पदरात केळीच टाकतात. तिथे लोक बाकांवर उभे राहायचे. आमच्या लोकांतले दोन-चार म्हातारे रागावले, मराठी माणसाची थट्टा करते म्हणाले. ती त्यांना म्हणाली, "तुम्ही कन्नड नीट बोलायला लागा, मी प्रवेश बंद करते." 

मग रामण्णा आजारी पडला. पोटाचं ऑपरेशन झालं आणि तो इस्पितळात राहिला. वॉर्डात पहिल्याच दिवशी लोकांनी तिला ओळखलं. "चंपक्का, ते एकदा करून दाखवा." आणि ती करायची. रामण्णाच्या खाटेजवळ उभी राहून, पंचांपुढे जोडायची तसे हात जोडून. मला ते पटलं नाही. मी म्हटलं, "इथे कशाला गं?"

"सुंदरी, हसवलं की माणूस ओळख ठेवतो," ती म्हणाली. "ओळख राहिली की वेळेला धावून येतो. रामण्णासाठी करते मी."

रत्ना नावाची एक नर्स होती, आनेकलचीच, लहान पोरगी. ती तर ड्युटी संपल्यावरही थांबून बघायची.

एके दिवशी दुपारी मी पेज घेऊन गेले. वॉर्डाच्या दाराशी पोचले तेव्हा आतून तिचा आवाज आला, "सिस्टर, केळी! स्वल्प केळी!" आत पाहिलं तर रामण्णाला श्वास घेता येत नव्हता. ती त्याला मिठीत धरून बसली होती. सोडून उठता येईना, म्हणून बसल्या जागेवरून ओरडत होती. आणि वॉर्ड हसत होता. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने उशाजवळचं केळं उचलून तिच्याकडे धरलं. रत्ना लांबच्या टोकाला कुणाला तरी औषध पाजत होती. तिने तोंडावर हात ठेवला, हसली आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. चंपाअक्का पुन्हा ओरडली. लोक आणखी हसले.

माझ्या हातून पेजेचं भांडं पडलं आणि मी मराठीतच बोंब ठोकली. तेव्हा ते हसायचे थांबले. रत्ना धावली, डॉक्टर धावले. रामण्णा गेला होता.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की रक्ताची गुठळी होती, आधी आलो असतो तरी काही करता आलं नसतं. माझा त्यावर विश्वास बसला. तिचा बसला नाही. ती तशीच उठून मेट्रनकडे गेली आणि म्हणाली, "ती पोरगी हसत बसली म्हणून माझा माणूस गेला." मेट्रनने रत्नाला कामावरून घरी बसवलं आणि चंपाअक्काला सांगितलं, "तुमचे दिवस होऊ द्या. मग या आणि सगळं पुन्हा सांगा. त्यावर मी ठरवीन." काय ठरणार ते सगळ्यांना दिसत होतं.

सुतकाच्या दिवसांतच रत्ना वठारात आली. साधं लुगडं नेसून, नळापाशी उभी. चंपाअक्का दारात आली.

"मला वाटलं तुम्ही रोजच्यासारखं करताय, अम्मा," पोरगी म्हणाली. "देवाशपथ."

"नवरा मरताना मी नाटक करीन?"

"मला कसं कळणार?"

चंपाअक्काने दार लावून घेतलं. रत्ना आली तशी परत गेली. मी दार ठोठावून आत गेले आणि म्हटलं, "पोरगी खोटं बोलत नाहीये."

"तू तिथे होतीस. माझा आवाज ऐकलास. नाटकातला होता का तो?"

"नव्हता."

"मग झालं तर. तुला कळलं, तिला कळू नये?"

 मला कळलं ते रामण्णाकडे बघून की आवाजावरून, हे मला आजही सांगता येत नाही.

दिवस झाले आणि कंपनीचा मालक आला. हात चोळत म्हणाला, "अक्का, सावकाश या. पण लोक विचारतात." सगळ्यांना वाटलं ती त्याला हाकलून देईल. ती म्हणाली, "सरी, ठीक आहे. शनिवारी करते." वठारात कुजबुज झाली. नवरा जाऊन पुरता महिनाही झाला नाही आणि ही कुंकू लावून, हिरव्या बांगड्या भरून उभी राहणार? शांता तोंडावर बोलली तेव्हा चंपाअक्का म्हणाली, "कुंकू सखूचं आहे. सखूचा नवरा जिवंत आहे." मला मात्र बाजूला घेऊन म्हणाली, "तू चल. पुढे बस. आणि कान देऊन ऐक."

मी गेले. पहिल्या रांगेत जमिनीवर बसले. सासरा झाला, सासू झाली, पाटील झाला. सगळं नेहमीसारखं केलं तिने, एक जागा चुकली नाही. मग पंच बसले आणि ती पुढे आली. नेहमी ती हात जोडून, मान वाकडी करून, लाडिक आवाजात म्हणायची. त्या दिवशी तिने हात जोडलेच नाहीत. दोन्ही हात छातीशी धरले, कुणाला तरी मिठीत धरावं तसे, आणि म्हणाली, "केळी! स्वल्प केळी!"

तोच आवाज. इस्पितळातला, तसाच्या तसा. 

थिएटर हशाने दणाणलं. आजवर तिच्यावर इतके लोक कधी हसले नव्हते. पत्रे वाजायला लागले. ती पुन्हा ओरडली, वॉर्डात ओरडली होती तशीच. माणसं पोटं धरून एकमेकांवर पडली. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. मी हसत नाही हे बघून तिने विचारलं, "कन्नड बरल्वा?" म्हणजे, तुम्हाला कन्नड येत नाही का?

नाटक सुटल्यावर आम्ही दोघी चालत निघालो. बळेपेटेच्या कोपऱ्यावर ती थांबली. मग म्हणाली, "तोच होता ना?"

"तोच होता."

"एवढी माणसं होती. एकालाही कळलं नाही."

"नाही."

"मग ती एकटी पोरगी काय करणार," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

सोमवारी आम्ही मेट्रनकडे गेलो. मेट्रन मंगळूरकडची ख्रिस्ती बाई, नाटकं कधी न बघणारी. चंपाअक्का दारातच अडली. मला म्हणाली, "तू सांग. मी तोंड उघडलं की लोक हसतात." मेट्रनने ते ऐकलं. ती म्हणाली, "मी हसणार नाही. तुम्हीच सांगा." मग चंपाअक्का बोलली. आधी वॉर्डात किती वेळा काम करून दाखवलं, ते का दाखवलं, त्या दुपारी काय झालं, शनिवारी काय झालं. मेट्रनने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे नर्सचा दोष नाही, असं तुमचं म्हणणं?"

"दोष आहे. हाक आली तर उठून बघायला हवं होतं," चंपाअक्का म्हणाली. "पण या शब्दाला हसायचं, हे तिला मी शिकवलं. तिला रागवा. काढू नका."

रत्ना कामावर परत आली. ती आभार मानायला आली नाही. चंपाअक्कानेही वाट बघितली नाही.

त्यानंतर तिने तो प्रवेश केला नाही. मालकाने विनवण्या केल्या, धमक्या दिल्या, शेवटी एक नवीन पोरगी तिच्याकडे तो प्रवेश शिकायला पाठवली. सरोजा तिचं नाव. चंपाअक्काने तिला आमच्या कट्ट्यावर बसवलं आणि काम शिकवण्याआधी म्हणाली, "पहिली गोष्ट. उद्यापासून 'केळी' हा शब्द घरात वापरायचा नाही. नवऱ्याशी नाही, सासूशी नाही, दुकानात नाही. खरी हाक मारायला एक दुसरा शब्द ठेव. आणि तो शब्द कधीही स्टेजवर नेऊ नकोस, कितीही पैसे दिले तरी."

सरोजाला वाटलं अक्का गंमत करते. ती हसली. चंपाअक्का रागावली नाही. तिने पोरीची हनुवटी धरली आणि तेच पुन्हा सांगितलं. पोरगी पुन्हा हसली. तिने तिसऱ्यांदा सांगितलं, त्याच शब्दांत, तेव्हा सरोजा हसायची थांबली. मग काम शिकवलं. चांगलं शिकवलं, हातचं काही राखलं नाही.

पुढे चंपाअक्का छोट्या भूमिका करत राहिली, म्हातारी, मोलकरीण अशा, आणि उरलेल्या वेळात बायकांच्या चोळ्या शिवायची. काही वर्षांनी काविळीने गेली. फार रडारड झाली नाही, कारण रडायला घरचं कुणी नव्हतं. वठारातल्या आम्ही बायकांनीच सगळं केलं. शांताने तिला न्हाऊ घातलं.

सरोजा आली होती. तोवर ती नावाजलेली नटी झाली होती, लोक अंगणातही तिच्याकडे वळून बघत होते. ती भिंतीला टेकून उभी राहिली. निघताना मी तिला दारापर्यंत पोचवायला गेले आणि विचारलं, "अक्काने सांगितलं होतं तसा दुसरा शब्द ठेवलास का?"

"ठेवलाय," ती म्हणाली.

कुठला, ते मी विचारलं नाही.